दोष डोळ्यांचा की ठिपक्यांचा?

गेल्या महिन्यात बोईसरला एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत उभी हयात हिशेब लिहिण्यात घालवलेला हा माणूस. निवृत्तीनंतरही सोसायटीचा जमाखर्च आणि पालघरजवळच्या शेताचा सातबारा स्वतःच पाहणारा. पण या खेपेस गडी उदास दिसला. चहा देता देता वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना दिसेनासे झाले आहे. डॉक्टर म्हणतात, नंबर तोच आहे. ह्यांना पटत नाही. परवा गट क्रमांकातला १ ह्यांनी ९ वाचला. आता सारे कागद मुलाकडे सोपवणार म्हणतात."

मी चक्रावलो. कारण हेच गृहस्थ समोर बसून वर्तमानपत्रातल्या बारीक जाहिराती बिनदिक्कत वाचत होते!

"तो लॅपटॉप दाखवा पाहू," मी म्हटले.

पुण्याच्या चिरंजीवांनी नवा घेतल्यावर आपला जुना वडिलांना दिला होता. यंत्र उंची! पडदा साडेपंधरा इंचांचा, त्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० ठिपके. सारी गोम इथेच होती.

वाचकहो, जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हापासून आपण सुबक शिशाच्या खिळ्यांची अक्षरे वाचत आलो. बारा पॉइंटांचा खिळा कोठेही न्या, एक षष्ठांश इंचच भरणार. पडद्यावरचे अक्षर मात्र ठिपक्यांत मोजतात. इंचाला ९६ ठिपके धरले, तर बारा पॉइंटांना सोळा ठिपके, म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. या पडद्यावर इंचाला सुमारे २८० ठिपके! तेच सोळा ठिपके जेमतेम दीड मिलिमीटरात मावतात. त्यातच आपल्या देवनागरीने वर मात्रा, रफार नि अनुस्वार, खाली उकार बसवायचे. मग १ चा ९ झाला तर नवल काय?

अशा पडद्यांवर अक्षर मोठे करण्याची सोय असते. पण एकाच वेळी चार कामे डोळ्यांपुढे मावावीत म्हणून चिरंजीवांनी ती शंभर टक्क्यांवर आणून ठेवली होती. तरुण डोळ्यांना ते चालून गेले. चाळिशी लागलेल्यांना कसे चालावे?

मी 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडून 'स्केल' अडीचशे टक्के केले. अक्षर अडीचपट झाले, आणि बारीक ठिपक्यांमुळे छापल्यासारखे रेखीवही दिसू लागले. पुष्कळजण त्याऐवजी 'रिझोल्यूशन' उतरवतात. त्याने अक्षर वाढते, पण कडा पुसट होतात. एखादेच संकेतस्थळ बारीक दिसत असेल, तर 'कंट्रोल' दाबून धरून अधिकचे चिन्ह दाबले की पुरते. काही जुन्या हिशेबी प्रोग्रामांवर मात्र हा उपाय नीट चालत नाही, हेही सांगून ठेवतो.

स्नेह्यांनी सातबारा उघडला. गट क्रमांक मोठ्याने वाचला, पुन्हा एकदा वाचला. मग मुलाला फोन लावून म्हणाले, "अरे, कागद राहू देत माझ्याकडेच."

वहिनींनी न विचारताच दुसरा चहा टाकला.

डोळे वर्षाला तपासून घ्यावेतच. पण या दिवाळीत वडीलधाऱ्यांना आपला संगणक देणार असाल, तर आधी त्यांना शेजारी बसवून अक्षर त्यांच्या डोळ्यांजोगे करून द्या. नाहीतर यंत्राचा दोष ते बिचारे आपल्या वयाच्या माथी मारतील!