ऑस्करचा होरा आणि रसिकाची आवड

दरसाल हिवाळ्यात अमेरिकेतील चित्रपट अकादमीची नामांकने जाहीर झाली, म्हणजे तेव्हापासून निकालाच्या रात्रीपर्यंत एका विशिष्ट प्रकारच्या पांडित्याला भरती येते. कोणता चित्रपट चांगला आहे, हा प्रश्न या पंडितांच्या दप्तरी दाखलच होत नाही. कोणता चित्रपट जिंकणार, एवढ्या एकाच मुद्द्यावर सारा खल चालतो, आणि मध्येच एखाद्या भोळ्या माणसाने ‘मला अमुक चित्रपट फार आवडला’ असे म्हटले, तर ‘आवडीचे राहू द्या, येणार काय ते बोला’ असे सांगून त्याचे तोंड बंद करण्यात येते. सोमवारी पहाटे उठून हा सोहळा पाहणाऱ्या आपल्याकडील मंडळींतही ही रीत आता चांगलीच रुजली आहे. तिच्या मुळाशी असलेले मत असे की, भाकीत हे अभ्यासाचे काम असून आवड ही निव्वळ मनाची लहर होय. आणि म्हणून जाणत्याने पहिले करावे, दुसरी आपल्यापाशीच ठेवावी. हे मत मला सर्वस्वी अमान्य आहे. परंतु खंडनाला प्रवृत्त होण्यापूर्वी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडावा, ही आपल्या वादपद्धतीची जुनी शिस्त असल्यामुळे प्रथम प्रतिपक्षाचेच वकीलपत्र घेतो.

प्रतिपक्ष म्हणतो, आवड कोणालाही असते. ती चुकली असे सिद्ध करता येत नाही, आणि म्हणूनच ती बरोबर आहे असेही सिद्ध करता येत नाही. भाकिताचा निकाल मात्र ठरल्या रात्री लागतो, आणि ते करणारा तोंडघशी पडला की नाही हे चारचौघांना दिसते. शिवाय त्यासाठी पुष्कळ वाचावे, ऐकावे आणि ध्यानात ठेवावे लागते. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघाचे पारितोषिक ज्याला मिळते, त्याच्याच हाती बहुधा दिग्दर्शनाचे ऑस्कर पडते, आणि १९४८ पासूनच्या दीर्घ काळात या नियमाला झालेले अपवाद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत; निर्मात्यांच्या आणि नटांच्या संघांचे कौल कोणत्या वर्षी जुळले व कोणत्या वर्षी फाटले, कोणत्या कंपनीने प्रचारावर थैल्या सैल सोडल्या, कोणत्या ज्येष्ठ नटाला आजवर डावलल्याची चुटपुट मतदारांच्या मनात आहे, या सर्वांचा ताळेबंद मांडल्यावाचून होरा वर्तवता येत नाही. आणि हे सर्व करताना स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवावी लागते, हा संयम काही थोडाथोडका नव्हे.

यांपैकी पहिले विधान खरे आहे, दुसरेही बव्हंशी खरे आहे. खोट आहे ती तिसऱ्यात. न्यायाधीश आपली आवड बाजूला ठेवतो तो समोरचे प्रकरण अधिक स्वच्छ दिसावे म्हणून. भाकीत करणारा आवडीबरोबर प्रकरणही बाजूला ठेवतो. त्याच्या दृष्टीचा विषय चित्रपट नसून मतदार असतो, आणि मतदारांविषयीचे हे ज्ञान चित्रपटाविषयीचे ज्ञान म्हणून खपवण्यात येते, ही माझी मूळ तक्रार आहे.

केन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात शेअरबाजाराचे वर्णन करताना त्या काळच्या एका वृत्तपत्री स्पर्धेचा दाखला दिला आहे. शंभर छायाचित्रांतून सर्वांत सुंदर असे सहा चेहरे निवडायचे, आणि ज्याची निवड एकंदर स्पर्धकांच्या सरासरी पसंतीच्या सर्वांत जवळ जाईल त्याला बक्षीस द्यायचे. अशा स्पर्धेत चतुर माणूस स्वतःला सुंदर वाटणारा चेहरा निवडीत नाही, इतरांना कोणता सुंदर वाटेल एवढ्यावरही थांबत नाही. सर्वसाधारण मत काय असेल याविषयी सर्वसाधारण मत काय असेल, याचा तो अदमास घेतो. या पायरीवर पोचल्यानंतर चेहरा पाहण्याचे प्रयोजनच उरत नाही. ऑस्करच्या भाकीतवाद्याची गत तीच आहे. एकही नामांकित चित्रपट न पाहता, केवळ इतर पारितोषिकांच्या याद्या पुढ्यात ठेवून, एखादा मनुष्य उत्तम भाकीत करू शकेल. आणि सर्व चित्रपट दोनदोनदा मन लावून पाहिलेला रसिक त्याच्यापुढे हटकून हरेल. ज्या विद्येत विषयवस्तूचे अज्ञान आड येत नाही, तिला त्या विषयाचा अभ्यास म्हणणे हे धाडसाचे होय.

मतदारांचा कौल म्हणजे अखेर मतदारांच्या आवडींचीच बेरीज नव्हे काय, असे येथे कोणी विचारील. हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो, पण मतमोजणीची रीत पाहिली की त्याचा जोर ओसरतो. २००९ सालच्या चित्रपटांपासून सर्वोत्तम चित्रपटासाठी अकादमीचा प्रत्येक सभासद नामांकित चित्रपटांना पसंतीक्रम देतो. पहिल्या पसंतीची मते मोजून कोणालाच निम्म्याहून अधिक मिळाली नाहीत, तर तळाचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या गठ्ठ्यांत वाटल्या जातात. एखाद्याला बहुमत मिळेपर्यंत हा क्रम चालतो. राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुकांत दुसऱ्या पसंतीच्या मतांनी कोणाकोणाचा घात केला हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या पद्धतीचे मर्म समजावून सांगायला नको. अनेकांचा जीव जडला पण तितक्याच अनेकांना खटकला, असा चित्रपट येथे मागे पडतो. कोणालाच न खटकलेला पुढे सरकतो. २०२२ साली ‘द पॉवर ऑफ द डॉग’ बारा नामांकने घेऊन आला आणि दिग्दर्शनाचे एकच पारितोषिक घेऊन परतला. तीन नामांकनांचा ‘कोडा’ तिन्ही पारितोषिके घेऊन गेला, आणि त्यांत सर्वोत्तम चित्रपटाचे होते. मतांचे आकडे अकादमी प्रसिद्ध करीत नाही, त्यामुळे असे का झाले हे सांगणे अनुमानाच्याच कक्षेत राहते. पण एवढे निश्चित की, हजारो मतदारांच्या हजारो उत्कट आवडी या यंत्रातून गेल्या म्हणजे दुसऱ्या टोकाला जे निघते ती कोणा एकाची आवड असेलच असे नाही.

आणि हे भाकीत माणसाच्या डोळ्यांवर कशी पट्टी बांधते, याचा नमुना २६ फेब्रुवारी २०१७ च्या रात्री साऱ्या जगाने पाहिला. निकालाच्या लिफाफ्यांचे दोन संच रंगमंचाच्या दोन बाजूंना ठेवलेले असतात. सर्वोत्तम चित्रपटाची घोषणा करण्यासाठी वॉरन बेटी आणि फे डनवे पुढे आले, तेव्हा बेटींच्या हाती सर्वोत्तम अभिनेत्रीच्या पारितोषिकाचा दुसरा लिफाफा गेला; आतल्या कार्डावर एमा स्टोनचे आणि तिच्या ‘ला ला लँड’ या चित्रपटाचे नाव होते. बेटी घुटमळले. त्यांनी लिफाफ्यात पुन्हा डोकावून पाहिले, बोलता बोलता थांबले, आणि शेवटी कार्ड डनवेंपुढे धरले. त्यांनी चित्रपटाचे नाव वाचले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. एका अनुभवी नटाची ती घुटमळ सर्वांच्या डोळ्यांदेखत घडली होती. परंतु चौदा नामांकने मिळवलेला ‘ला ला लँड’ येणारच, हे सर्वांनी आधीच ठरवून टाकलेले असल्यामुळे ती थट्टेवारी गेली. निर्मात्यांची आभाराची भाषणे सुरू झाल्यानंतर, त्यांच्यापैकीच जॉर्डन होरोविट्झ यांनी खरे कार्ड उंच धरून ‘मूनलाइट’ हे नाव जाहीर केले. चूक कार्ड देणाऱ्याची खरीच. पण ती इतकी सहज पचली, याचे श्रेय भाकिताला आहे.

भाकिताची ही सवय निकालाच्या रात्रीपुरती राहती, तर मी लेखणी उचलली नसती. आकडा लावण्याची हौस माणसाला उपजतच असते आणि मित्रमंडळीत पैजा लागल्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु ही सवय चित्रगृहात शिरते. नटाने भूमिकेसाठी अंगावर मांस चढवले, की प्रेक्षक मनाशी म्हणतो, ‘याला मिळणार’. कथानक संथ आणि दुःखान्त असले, की ‘हा अकादमीला आवडणार’. आणि या जमाखर्चात स्वतःला काय वाटले याची नोंद करायची राहूनच जाते. अशा प्रेक्षकाच्या वहीत हिचकॉकच्या नावापुढे दिग्दर्शनाची पाच नामांकने आणि शून्य पारितोषिके एवढेच लिहिलेले असते. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ला कलादिग्दर्शन आणि ध्वनी या दोन विभागांपलीकडे नामांकनही मिळाले नव्हते, पण २०१२ साली ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो सर्वांत वर आला.

तथापि रसिकांच्या बाजूनेही एक आगळीक नेहमी घडते आणि तिची रुजवात येथेच घातली पाहिजे. आपला आवडता चित्रपट हरला की ते अन्यायाची दवंडी पिटतात. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ला नऊ नामांकने असून पटकथेचे एकच पारितोषिक मिळाले, आणि १९४१ सालचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून जॉन फोर्डच्या ‘हाउ ग्रीन वॉज माय व्हॅली’ची निवड झाली, हे या दवंडीचे लाडके उदाहरण. ‘केन’ ज्याच्यावर बेतला होता त्या हर्स्टच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाची कोंडी केली होती, हेही खरे. पण फोर्डच्या चित्रपटाची टवाळी करणाऱ्या किती जणांनी तो पाहिला आहे? वेल्समधील कोळसा खाणीच्या गावातील कुटुंबाची ती कथा मला मनापासून आवडते आणि ती जिंकली यात लांच्छनास्पद असे काही दिसत नाही. व्यवसायातील माणसांनी घेतलेल्या निवडणुकीचा तो निकाल आहे. त्याला इन्साफ समजून डोक्यावर घेणारे आणि त्याला जुलूम समजून छाती पिटणारे, दोघेही त्याला नको तेवढा अधिकार बहाल करतात.

मग आवडीचे मंडन कशाच्या आधारे करावयाचे? आवडीला पुरावा नसतो, हे प्रतिपक्षाचे म्हणणे अर्धवट आहे; तिला निकाल नसतो, कारणे मात्र असू शकतात आणि ती चित्रपटातच बोट ठेवून दाखवता येतात. ‘केन’ मला श्रेष्ठ का वाटतो, असे विचाराल तर मी न्याहारीच्या टेबलाचा प्रसंग पुढे करीन. नवविवाहित जोडपे एकमेकांकडे झुकून बोलते आहे; पुढच्या न्याहारीला बोलणे किंचित आखडते; त्यानंतरच्या न्याहाऱ्यांना टोमणे, मग हुकूम; आणि शेवटी लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना दोघे मुकाट्याने बसलेले असून पत्नीच्या हातात नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचे वर्तमानपत्र आहे. एका संसाराचा नाश काही मिनिटांत, एकही अश्रू न ढाळता दाखवला आहे. हे कारण ज्याला पटणार नाही त्याने दुसरा प्रसंग पुढे करावा आणि माझ्याशी भांडावे; त्या भांडणातून दोघांच्याही पदरात काही पडेल. ‘कोण येणार’ या वादातून निकालानंतर काय शिल्लक राहते?

आवडीची किंमत द्यावी लागते, हाही तिच्या खरेपणाचा एक दाखला आहे. ‘बेईमान’साठी मिळालेले फिल्मफेअर पारितोषिक प्राण यांनी नाकारले, कारण त्यांच्या मते संगीताचे पारितोषिक ‘पाकीजा’च्या दिवंगत गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवे होते. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांनी तर ‘गांधी’ला आठ ऑस्कर मिळाल्यानंतर कित्येक वर्षांनी मोकळेपणाने सांगितले की, ‘ई. टी.’च जिंकेल असे त्यांना वाटत होते आणि तोच जिंकायला हवा होता. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना भारतीयांमधील पहिले ऑस्कर मिळवून देणारा चित्रपट तो हाच. त्याच्या कर्त्याचे भाकीत चुकले, आवड मात्र अभंग राहिली. आणि आपला ‘श्वास’? २००४ साली त्याच्या अमेरिकेतील प्रचारासाठी महाराष्ट्रात वर्गणी गोळा झाली, तरी नामांकन हुकले ते हुकलेच. शस्त्रक्रियेत दृष्टी जाणाऱ्या नातवाला जग एकदा डोळे भरून पाहता यावे म्हणून रुग्णालयातून बाहेर घेऊन जाणारा तो आजोबा त्यामुळे कोणाच्या मनातून उतरला, असे मी तरी ऐकलेले नाही.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की, येत्या नामांकनांच्या वेळी भाकिताची यादी खुशाल करावी, पैजाही लावाव्या. परंतु त्याआधी, कोणाचाही होरा कानी पडण्यापूर्वी, स्वतःच्या आवडीची यादी कागदावर उतरवावी, तीत नामांकन न मिळालेल्यांनाही जागा द्यावी आणि प्रत्येक नावापुढे निदान एका प्रसंगाचा हवाला द्यावा. निकाल लागल्यावर पहिली यादी फाडून टाकली तरी चालेल. दुसरीतले एकही नाव त्या रात्रीच्या निकालामुळे खोडू नये.