शेजारच्या बाई

माणसाच्या मृत्यूनंतर त्याची थोरवी मोजण्याच्या आपल्या समाजाच्या काही ठराविक रीती आहेत. शोकसभा भरते, ठराव होतो, दोन मिनिटे स्तब्धता पाळली जाते, आणि अधिकारपद मोठे असेल तर वर्तमानपत्रांचे रकानेही भरतात. प्राथमिक शाळेतील शिक्षिकेच्या वाट्याला यांतले फारसे काही येत नाही. गेल्या आठवड्यात फोंडा तालुक्यातील एका गावात अशी एक शिक्षिका वयाची ऐंशी वर्षे ओलांडून निवर्तली. त्या आमच्या शेजारी होत्या. त्यांचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. गावात त्यांना नावाने हाक मारणारे कोणी उरलेच नव्हते. साऱ्यांच्या त्या ‘बाई’ होत्या. गोव्यातील बहुतेक जुन्या गावांना अशा एखाद्या बाई लाभलेल्या असल्यामुळे वाचकांनी आपापल्या बाईंचे नाव येथे घालून वाचले, तरी आमची हरकत नाही.

बाईंचे बालपण पोर्तुगीज अमदानीतले. 1910 साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, गोव्यातील हिंदूंना नागरिकत्वाचे हक्क मिळाले, आणि लोकांनी पदरमोड करून जागोजागी मराठी शाळा काढल्या. सरकारी शाळेची भाषा पोर्तुगीज. मराठी शाळा मात्र कुठे देवळाच्या अग्रशाळेत, तर कुठे एखाद्या गृहस्थाच्या ओसरीवर भरे. अशाच एका ओसरीवर बाईंनी धुळाक्षरे गिरवली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. 1963 च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकरांचे सरकार आले आणि खेड्यापाड्यांतून प्राथमिक शाळा उघडू लागल्या. त्या लाटेतच बाई नोकरीला लागल्या. मुक्तीच्या वेळी गोव्यातील तिघांपैकी जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होते; 2011 च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण 88.70 टक्के भरले. ह्या आकड्याचे श्रेय सरकारे घेतात, आणि त्यांनी ते खुशाल घ्यावे. परंतु जून महिन्यात भर पावसात चिखल तुडवीत वाड्यावाड्यावर जाऊन, ‘पोर शाळेत का पाठवली नाही?’ असा जाब आईबापांना विचारणारी बाई नसती, तर हा आकडा कागदावर चढलाच नसता.

बाईंच्या शिकवण्यात चमत्कार कोणताच नव्हता. मूल घरून कोकणी बोलत येई. बाई त्याला कोकणीतून समजावीत आणि हळूहळू मराठीच्या पुस्तकापाशी आणून सोडीत. ‘हांव’ म्हणणाऱ्या मुलाला ‘मी’ लिहायला शिकवताना त्याला ‘हांव’ची लाज वाटणार नाही, एवढी खबरदारी त्या घेत. 1987 च्या राजभाषा कायद्याच्या आधी आणि नंतरही ह्या भूमीत भाषेवरून पुष्कळ रण माजले. मराठीवरील आमची निष्ठा वाचकांना ठाऊक आहेच. तरीही म्हणावेसे वाटते की, दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना जे व्यासपीठावर साधले नाही, ते बाईंच्या वर्गात रोज सकाळी साधत होते.

मात्र शाळेची घंटा वाजली की बाईंचे काम संपले, असे कधी झाले नाही. मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाचे पत्र वाचून घेण्यासाठी म्हाताऱ्या आया त्यांच्याच दारात येत. मुंडकारांना घराबाहेर काढण्यास आळा घालणारा कायदा 1975 साली झाला. कायदा होणे निराळे आणि तो गरिबाच्या हाती लागणे निराळे. मामलेदाराच्या कचेरीत अर्ज करायचा, तर आधी तो लिहिता आला पाहिजे. बाई रोज दिवेलागणीनंतर ओटीवर कंदील ठेवून बसत आणि एकेका मुंडकाराचे अर्ज लिहून देत. त्या स्वतः भाड्याच्या घरात राहत, आणि ते घर भाटकाराचेच होते. त्याचा निरोप आला, मग नाराजी कानांवर आली. पण ओटीवरचा कंदील विझला नाही. त्या अर्जांच्या जोरावर स्वतःच्या छपराखाली निर्धास्त झोपणारी घरे त्या गावात आजही आहेत.

बाई संत नव्हत्या. जिभेला धार होती. उशिरा येणाऱ्या पोराची आणि मापात मारणाऱ्या दुकानदाराची त्या सारखीच हजेरी घेत. त्यांचा धाक होता. पण ज्या घराला त्यांचा धाक, त्या घरचे तांदूळ संपले आहेत काय, हेही त्यांना ठाऊक असे. शिक्षिका आणि शेजारीण ही नाती त्यांच्या ठायी वेगळी करता येत नव्हती, आणि आमच्या मते त्यांच्या यशाचे मर्म येथेच आहे. चार दिवस गैरहजर असलेले मूल तापाने निजले आहे, की धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी बसवले आहे, हे हजेरीपटावरून कळत नाही. ते कळण्यासाठी त्याच्या अंगणात पाय ठेवावा लागतो.

ही गोष्ट आपल्या धोरणकर्त्यांना माहीत नव्हती, असेही नाही. 1964 ते 1966 ह्या काळातील कोठारी आयोगाने शेजारशाळेची कल्पना मांडली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने ती देशाच्या कायद्यात आणली. प्राथमिक शाळा मुलाला चालत जाता येईल अशा अंतरावर असावी. साठ मुलांपर्यंतच्या शाळेलाही दोन शिक्षक असावेत. जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका यांखेरीज शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामाला जुंपू नये, असे तो कायदा आणि त्याखालील नियम सांगतात. आणि प्रत्यक्षात काय दिसते? गोव्याच्या कितीतरी सरकारी प्राथमिक शाळांत एकच शिक्षक चारही वर्ग सांभाळतो, तोच तक्ते भरतो आणि तोच माध्यान्ह आहाराचा हिशेब ठेवतो. तो रजेवर गेला की शाळाच रजेवर जाते. मग पालक मूल काढून घेतात, पटसंख्या घटते, आणि घटलेल्या पटसंख्येकडे बोट दाखवून शाळेला कुलूप लावले जाते. रोग्याचा आहार तोडायचा आणि मग तो अशक्त आहे म्हणून त्याची आशा सोडायची, असाच हा न्याय झाला.

आम्ही पालकांना दोष देत नाही. इंग्रजीवाचून मुलाचे अडेल ही त्यांची धास्ती खोटी नाही, आणि गरीब माणसाला तिची टिंगल करून समजावताही येणार नाही. परंतु गावच्या शाळेत दोन चांगले शिक्षक, उत्तम मराठी आणि तिच्या जोडीला चांगले इंग्रजी मिळाले, तर सहा वर्षांच्या पोराला भल्या पहाटे उठवून दूरच्या शाळेच्या बसमध्ये बसवण्याची हौस कोणत्या आईला आहे?

म्हणून सरकारकडे आमचे मागणे साधे आहे. पटसंख्येचे निमित्त करून शाळा बंद करण्यापूर्वी तेथे कायद्याप्रमाणे दोन शिक्षक सलग काही वर्षे देऊन पाहावेत. शिक्षकाला गावातच राहता यावे म्हणून निवासाची सोय करावी, आणि गावाशी त्याची ओळख होते न होते तोच बदलीचा हुकूम काढू नये. समाजाकडेही आमचे मागणे आहे. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी ज्या सढळ हाताने वर्गणी निघते, तिचा थोडा ओघ शाळेच्या गळक्या छपराकडेही वळावा. परकी राजवट असताना आपल्या वाडवडिलांनी हे केले होते. आज राजवट आपली असताना ते जड का वाटावे?

बाईंच्या विद्यार्थ्यांनी शोकसभा अवश्य भरवावी. त्यांचे किती विद्यार्थी आज वकील, अभियंते, बार्जचे खलाशी आणि शेतकरी आहेत, हेही तेथे सांगावे. पण ठराव करायचा तर एवढाच करावा की, पुढच्या वर्षी गावच्या शाळेचा पहिलीचा वर्ग भरेल आणि त्याला शिकवणारे माणूस गावच्याच कुणाचे तरी शेजारी असेल. तो ठराव अमलात आणणे सरकारइतकेच त्या गावाच्याही हाती आहे.