सालोनिकाचे हमाल

दर शनिवारी एक अख्खं बंदर बंद राहायचं. मालकाच्या हुकमानं नाही, सरकारच्या हुकमानं नाही. हमाल कामावर यायचे नाहीत म्हणून. बोट कुठल्या का देशाची असेना, कप्तान कितीही बोंबलू दे, शनिवारी धक्क्यावर एक पाठ मिळायची नाही. हे बंदर ग्रीसमधलं सालोनिका, आजचं थेसालोनिकी. तिथले हमाल ज्यू होते आणि शनिवार त्यांचा विसाव्याचा वार. मी पोती वाहणारा माणूस. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला सरळ हेवा वाटला.

मित्रांनो, ज्यू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं काय येतं? सावकार, बँकवाला, फार तर शास्त्रज्ञ. हे चित्र कुणी आपल्या डोक्यात भरलं? हिटलर जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते भरत आलेत. सालोनिकात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निम्म्याच्या आसपास वस्ती ज्यू होती. त्यात पेढीवाले होते, नाही असं नाही. पण हमाल, कोळी, गाडीवान, तंबाखूच्या गोदामात पानं निवडणाऱ्या पोरी, हेच जास्त. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीनं हाकललेले हे लोक. चारशे वर्षांनीसुद्धा चुलीपाशी जुनी स्पॅनिशच बोलत होते. १९०९ साली अवराम बेनारोया आणि त्याच्या साथीदारांनी त्याच शहरात समाजवादी कामगारांचं फेडरेशन उभं केलं. ज्यूंबरोबर बल्गेर, ग्रीक, तुर्क कामगारांना एकत्र आणायची त्यांची खटपट होती.

मग सगळं हळूहळू काढून घेतलं. १९१२ साली शहर ग्रीसकडं गेलं. १९१७ च्या आगीत शहराचा मधला भाग जळाला, हजारो ज्यू कुटुंबं उघड्यावर आली आणि शहराबाहेरच्या बराकींत कोंबली गेली. १९२४ साली कायदा आला, सुट्टी रविवारीच घ्यायची. संपला शनिवार. १९३१ च्या जूनमध्ये कॅम्पबेल नावाची गरीब ज्यूंची वस्ती जमावानं पेटवून दिली. हे लक्षात ठेवा. जर्मन तेव्हा तिथं नव्हता. जर्मन आला १९४१ च्या एप्रिलात.

११ जुलै १९४२. वार शनिवारच, मुद्दाम निवडलेला. अठरा ते पंचेचाळीस वयाच्या ज्यू पुरुषांना हुकूम निघाला, बंदरालगतच्या चौकात हजर व्हा, सक्तमजुरीसाठी नावनोंदणी आहे. सुमारे ९००० माणसं आली. भर उन्हात उभं केलं, डोक्यावर टोपी घालू दिली नाही. वर बैठका, उठाबशा, कोलांट्या. पडला की लाथ, नाहीतर पाण्याची बादली. जर्मन सोल्जर फोटो काढत होते. आजूबाजूच्या गच्च्यांतून लोक बघत होते. त्या चौकाचं नाव काय म्हणाल? एलेफ्थेरियास. म्हणजे स्वातंत्र्य चौक.

नाव नोंदवलेले रस्त्यांच्या, विमानतळांच्या कामाला जुंपले गेले. पटापट मेले. तेव्हा खंडणी ठरली, पैसा द्या आणि माणसं सोडवा. त्याच सौद्यात ज्यूंचं जुनं कब्रस्तान गेलं. तीन लाखांवर कबरी असलेली जागा. डिसेंबर १९४२ मध्ये कुदळी लागल्या, आणि कुदळी नगरपालिकेच्या मजुरांच्या हातात होत्या. तिथला संगमरवर चर्चच्या दुरुस्तीला गेला, फरसबंदीला गेला, जर्मनांच्या पोहायच्या तलावाला गेला. आज त्या जमिनीवर अ‍ॅरिस्टॉटलच्या नावाचं विद्यापीठ उभं आहे. विद्यापीठाच्या आवारात या गोष्टीचं स्मारक बसायला २०१४ साल उजाडलं. सत्तर वर्षं पोरं मुडद्यांवर बसून तत्त्वज्ञान शिकली आणि मास्तर गप्प होते.

१५ मार्च १९४३ ला पहिली गाडी निघाली. स्टेशनाजवळची बॅरन हिर्श वस्ती, गरिबातल्या गरीब ज्यूंची, तिला तारेचं कुंपण घालून कोंडवाडा केलेला. जनावरांच्या डब्यांत माणसं भरली. ऑगस्टपर्यंत अशा गाड्या जात राहिल्या. पंचेचाळीस हजारांवर माणसं, बहुतेक सगळी ऑशवित्झला. उतरल्या उतरल्या बहुतेकांना गॅस. धट्टेकट्टे कामाला ठेवले. त्यातल्या कित्येकांना पुढं वॉर्साला नेलं, जाळून टाकलेल्या ज्यू वस्तीचे ढिगारे उपसायला. त्यांना पोलिश येत नव्हतं, म्हणजे बाहेरच्याशी बोलून पळून जाणार नाहीत, हा हिशोब. हमाल तो हमालच, मरणाच्या दारातसुद्धा पाठीवर वजन.

या गोदीतल्या एकाचं नाव जगाला ठाऊक आहे. सालामो अरूश. बाप हमाल, स्वतः हमाल, बॉक्सर. ऑशवित्झमध्ये पहारेकऱ्यांच्या करमणुकीसाठी त्याला कैद्यांशी लढायला लावलं. हरला तर गॅस, असा खेळ. त्याच्या सांगण्याप्रमाणं तो दोनशेवर लढती लढला. १९८९ साली त्याच्यावर इंग्रजी पिक्चर निघाला. पिक्चर निघायला बॉक्सर लागतो. नुसतं पोतं उचलणाऱ्यावर कोण काढतोय?

आता स्मारकाचं. नांदोर ग्लिड या शिल्पकाराचं ब्राँझ आहे, ज्वाळा आणि एकमेकांत गुंतलेली माणसं, सात फांद्यांच्या दीपमाळेसारखी. १९९७ साली ते भलत्याच जागी उभं केलं, मग मागाहून चौकाच्या कडेला आणलं. कडेला, कारण मधे जागा नव्हती. मधे गाड्या होत्या. स्वातंत्र्य चौक अनेक दशकं पार्किंगला दिलेला. बोटीवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या खलाशानं मला काही वर्षांपूर्वीचा फोटो मोबाईलवर दाखवला. पुढं ते काळं ब्राँझ, मागं चकचकीत गाड्यांच्या रांगा. तो म्हणाला, "अरे, मला आधी वाटलं ही कुणाच्या तरी कंपनीची शोभेची वस्तू आहे."

चौकातलं पार्किंग काढून तिथं स्मृतिउद्यान करायचं, असं नगरपालिकेनं ठरवलं. झाडं, बाकं, फलक. त्यावर वर्षानुवर्षं घोळ. गाड्या लावायच्या कुठं? जमिनीखाली पार्किंग करायचं की नाही? जिथं ९००० माणसं उन्हात रांगायला लावली तिथं साला चर्चा गाड्यांची.

उद्यानाला माझा विरोध नाही. गाडीपेक्षा झाड बरं. माझं भांडण वेगळं आहे. असल्या बागांत फलकावर एकच शब्द असतो, बळी. माणूस काय काम करत होता, संप कधी केला, कुठल्या बोलीत शिव्या देत होता, ते सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. बळी म्हटला की त्याच्याबद्दल हळहळ वाटते आणि हळहळणारा मोकळा होतो. हमाल म्हटला की प्रश्न येतात. त्याची जागा नंतर कुणी घेतली? त्याच्या घरात कोण राहायला गेलं? परतून आले ते दोन हजारसुद्धा नव्हते. त्यांना आपल्या घरात दुसऱ्यांची चूल पेटलेली दिसली. आणि त्या काळात शहराच्या लष्करी कारभारावर बसलेला माक्स मेर्टेन? १९५९ साली ग्रीक कोर्टानं पंचवीस वर्षं ठोठावली, त्याच वर्षी सुटून जर्मनीला गेला.

आपल्यातलाच कुणीतरी आता विचारणार, आज गाझात इस्राएल काय करतंय ते बघ आणि मग ज्यूंचं रडगाणं गा. बघतोय की. आणि ही गोष्टही माझ्या हमालांपर्यंत येऊन पोचते. १९३० नंतरच्या काळात सालोनिकाच्या शेकडो ज्यू गोदी कामगारांना पॅलेस्टाईनमधल्या हैफा बंदरात नेलं. कॅम्पबेल जळलेलं, घरी भाकरी नाही, गेले बिचारे. जे गेले ते जगले. पण नेणाऱ्यांना हवं होतं अरब हमालाच्या जोडीला, मग त्याच्या जागी, ज्यू हमाल. १९४८ च्या एप्रिलात हैफातले बहुतेक अरब शहरातून उखडले गेले. म्हणजे एका धक्क्यावरून हुसकलेल्याला दुसऱ्या धक्क्यावर हुसकायच्या कामी लावलं. यातलं एक दुसऱ्यात वळतं करून हिशोब मिटवणारा कारकून मी नाही. गाझातल्या पोराचं मरण सांगायला ऑशवित्झ खोटं पाडावं लागत नाही, आणि ऑशवित्झचं नाव घेऊन गाझावर पांघरूण घालणाऱ्याला तर मी गोदीच्या भाषेतच उत्तर देईन.

तेव्हा दोस्तांनो, आपली काही पोरं बोटींवर लागलीत. त्यांच्यापैकी कुणाची बोट त्या बंदराला लागलीच तर बाग बघायला धावू नका. आधी धक्का बघा, कुठं माल उतरायचा ते. गेटातून बाहेर पडलात की चौक जवळच आहे. तिथून जुन्या स्टेशनाकडं चाला. तिथं संग्रहालयाची कोनशिला २०१८ साली बसवलीय. मग विद्यापीठात जा. आणि चालताना खाली बघत चला, जुन्या भिंतीत, पायरीत, अंगणात. हिब्रू अक्षरांचा संगमरवर त्या शहरात अजून सापडतो.