‘सैद्धांतिक’ लिटर कोणी विकत घेईल का?

दूरसंचार विभागाने १६ मे २०२५ रोजी ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा घरगुती वाय-फायसाठी परवानामुक्त करण्याचे मसुदा नियम प्रसिद्ध केले. पाऊल स्वागतार्ह आहे, उशिराचेही आहे. अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झचा १२०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एप्रिल २०२० मध्येच खुला केला होता. परंतु या नव्या पट्ट्याच्या नावाने एक जुनी फसवणूक आता अधिक जोमाने विकली जाईल, आणि तिच्याविषयी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तरी गप्प बसू नये. ही फसवणूक म्हणजे राउटरच्या खोक्यावरचा वेगाचा आकडा.

दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये कोणत्याही दुकानात ‘एएक्स ३०००’ लिहिलेली खोकी दिसतील. हे ३००० आले कोठून? २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले ५७४ एमबीपीएस आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले २४०२ यांची बेरीज २९७६. तीच वर ओढून ३०००. आज घरोघरी असलेले बहुतेक टीव्ही एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतात. एका रस्त्याने ताशी ५० आणि दुसऱ्याने ताशी ७० किलोमीटर वेगाने जाता येते, म्हणून घरी ताशी १२०च्या वेगाने पोहोचाल, असे सांगण्यासारखेच हे आहे. शिवाय २४०२ या आकड्यासाठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीची वाहिनी लागते. दोन अँटेनांचा, ८० मेगाहर्ट्झवर चालणारा टीव्ही फार तर १२०१ गाठतो. त्यातही प्रत्येक यंत्राला बोलण्याआधी ऐकावे लागते, पोच द्यावी-घ्यावी लागते. म्हणून राउटरशेजारी बसूनही प्रत्यक्ष हाती येतो तो याच्या निम्मा किंवा थोडा अधिक वेग.

आणि शेजारी? नोएडा-गुरुग्रामच्या टॉवरांत वर, खाली, डावीउजवीकडे राउटरच राउटर आहेत. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच. शेजाऱ्याचा स्वस्त राउटर त्याच वाहिनीवर बोलत असेल, तर तुमचा महागडा राउटरही मुकाट्याने रांगेत उभा राहतो. हवा सामाईक आहे. ती खोक्यात भरून विकता येत नाही.

नवा पट्टा ही गर्दी कमी करील, हे खरे. पण ६ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर आणि घरातील प्रक्षेपणाची शक्ती मर्यादित. काँक्रीटच्या भिंतीपलीकडे तिचा जोर ओसरतो. शेजाऱ्याचा गोंगाट त्यामुळेच आत येत नाही, आणि दिवाणखान्यातला राउटर मागच्या खोलीतल्या टीव्हीला अपुरा पडतो तोही त्यामुळेच. एकाच गुणधर्माच्या या दोन बाजू आहेत. जाहिरात त्यातली एकच सांगणार.

घरच्या संगणकात साठवलेले चित्रपट टीव्हीवर पाहणाऱ्यांची तर दुहेरी दिशाभूल होते. त्यांना इंटरनेटची महागडी योजना गळ्यात मारली जाते, वास्तविक ती फाइल घराबाहेर जातच नाही. फोर-के ब्लू-रे डिस्कचा कमाल वेगदेखील १२८ एमबीपीएस असतो. तरी चित्र का अडखळते? संगणक आणि टीव्ही दोन्ही बिनतारी असतील, तर प्रत्येक तुकडा संगणकाकडून राउटरकडे व राउटरकडून टीव्हीकडे असा हवेतून दोनदा जातो. संगणक साध्या तारेने राउटरला जोडा. हवेवरचा भार निम्मा होईल. जे यंत्र जागचे हलत नाही, ते बिनतारी असण्याचे कारण काय? मात्र टीव्हीला तार जोडण्याआधी त्याचे तारेचे पोर्ट १०० एमबीपीएसचे आहे की अधिक, हे पाहा. अनेक संचांत ते १००चेच असते. ऑनलाइन चित्रपटाला ते पुरते, डिस्कच्या कमाल वेगाला नाही.

विक्रेत्यांचे उत्तर ठरलेले असते: हा सैद्धांतिक कमाल वेग आहे, तसे बारीक अक्षरांत छापलेही आहे. ‘सैद्धांतिक १ लिटर’ असे लिहिलेली तेलाची पिशवी आपण घेऊ का? वैधमापन कायदा, २००९ तेलाला जी शिस्त लावतो, तिच्यातून वेगाला सूट कशासाठी? प्रत्येक घर वेगळे, म्हणून मोजता येत नाही, हा बचावही टिकत नाही. प्रत्येक रस्ता वेगळा असतो, तरीही पुण्याची एआरएआय ठरावीक चाचणीत गाडीचे मायलेज मोजतेच. रस्त्यावर ते कमी भरते; पण दोन गाड्यांची तुलना तरी करता येते.

म्हणून मागणी साधी आहे. खोक्यावर बेरीज छापण्यास बंदी असावी. त्याऐवजी प्रत्येक पट्ट्याचा, दोन अँटेनांच्या ग्राहक यंत्रावर, ठरावीक अंतरावर आणि एका प्रमाणित भिंतीपलीकडे प्रत्यक्ष मोजलेला वेग छापावा. वातानुकूलन यंत्रांवर ऊर्जेचे तारे छापणाऱ्या देशाला हे अवघड नाही. ज्या दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा देशाचा सेकंद आणि मीटर सांभाळते, त्याच दिल्लीच्या बाजारात न मोजलेला वेग मापाच्या नावाने विकला जावा, हे लाजिरवाणे आहे. तोवर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हा आकडा कोणी, कोठे, कशाने मोजला?