बंबाचा इतिहास कोणी लिहायचा?

मी सरकारी कारकून. फाइलीला नंबर घालायचा, दोरी बांधायची, कपाटात लावायची, यात माझी वीसेक वर्षे गेली. त्यामुळे कागदांविषयी चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असे मी समजतो.

मध्यंतरी दोन दिवसांची रजा टाकून एका संग्रहालयाच्या ग्रंथालयात जाऊन बसलो. गोव्यात पूर्वी आगी कोण विझवत आणि कशाने विझवत, एवढेच पाहायचे होते. तिथल्या बाईंनी विचारले, "चर्चचे हवे की देवळांचे?" म्हटले, "बंबाचे." त्या हसल्या. "तसा विषयच आमच्या यादीत नाही हो!"

त्यांना मी दोष देत नाही. आपण कधी मागितलेच नाही, तर यादीत येणार कुठून? इतिहास म्हटला की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात: कोणी राज्य केले आणि कोणी देऊळ मोडले. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉयांची चित्रे रांगेने लावलेली आहेत. पण 1663 साली बॉम जेझूशेजारच्या जेझुइटांच्या मठाला आग लागली, तेव्हा पाण्याच्या घागरी घेऊन धावला तो कोण, हे आपण विचारत नाही.

तेही सोडा, फार जुने झाले. 9 मार्च 1943 रोजी मुरगाव बंदरात एरनफेल्स, ब्राउनफेल्स, ड्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज पेटले आणि बुडाले. कलकत्त्याहून आलेल्या इंग्रजांच्या छाप्याची ती गोष्ट. त्यावर 1978 साली इंग्रजी पुस्तक आले, 1980 साली सिनेमा आला. ती आग पाहिलेल्या मुरगावकरांना त्या वेळी कोणी मराठी माणूस जाऊन भेटला असता तर? आपल्या अंगणातली आगसुद्धा आपण परक्यांच्या तोंडून ऐकतो.

गंमत पाहा, आपण सहज 'बंब' म्हणतो तो शब्द पोर्तुगीज 'बोंबा'वरून, म्हणजे पंपावरून आलेला. शब्द घेतला, घरात न्हाणीघरापर्यंत नेला, पण त्यामागची भाषा शिकायला मात्र आपला मराठीचा अभिमान आडवा येतो. मी स्वतः इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि पोर्तुगीज राजपत्राचे एक पान धड वाचू शकत नाही. ही लाज माझी आहे, तशी ती आपली सगळ्यांची आहे.

कारण साधने आहेत. गोव्याचे पुराभिलेखागार 1595 सालचे, दियोगु द कोउतु त्याचा पहिला रक्षक. पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय 1832 सालचे. सरकारी राजपत्र 1837 पासूनचे. आगीचा इतिहास 'आग' असा मथळा लावून मिळत नसतो. तो नगरपालिकेच्या जमाखर्चात, पंप-नळ्यांच्या खरेदीत, नियमांत आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर शोधावा लागतो.

ऑफिसातले एक स्नेही म्हणाले, "आग विझली, फाइल बंद. त्यात इतिहास कसला?" नेमके हेच आपल्याला नडते. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागून 25 माणसे गेली. वाट अरुंद म्हणून बंब दूरच थांबवावे लागले. अरुंद वाट एका रात्रीत होत नाही. कुठल्या गावात बंब कुठे अडकला, विहीर किती लांब होती, परवाना कोणी दिला, हे मागच्या प्रत्येक आगीच्या कागदात असते. तो कागद मुदत संपली म्हणून रद्दीत काढला की पुढची आग पुन्हा 'पहिलीच' ठरते!

दरवर्षी 14 एप्रिलला, 1944 च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या 66 जवानांना आपण मानवंदना देतो. द्यायलाच हवी. पण मानवंदना एका दिवसाची असते आणि कागद बाराही महिने जपावा लागतो. आगीच्या नोंदवह्या आणि चौकशीचे अहवाल कायम जपण्याच्या वर्गात घाला, पुराभिलेखागाराकडे सोपवा, त्यांची सूची करा. एवढे काम कुठलाही कारकून करू शकतो.

आणि वाचकहो, तुम्ही पुढच्या वेळी ग्रंथालयात गेलात तर बंबाचे कागद मागा. दहाजणांनी मागितले, तर अकराव्याच्या वेळी तो विषय यादीत आलेला असेल.