चारशें पावलें
आमच्या पुण्यांत भुयारी मेट्रो आली त्याचा मला मनापासून आनंद आहे. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भाग सुरू झाला आणि कसबा पेठ, मंडई हीं स्थानकें आम्हां पेठकरांच्या दाराशीं आलीं. खालीं सरकते जिने आहेत, लिफ्ट आहे, आणि फरशी इतकी स्वच्छ कीं चपला घालून चालण्याचा संकोच वाटावा. जुन्या पी. एम. टी.च्या बशींत दांड्याला लोंबकळून ज्यानें आयुष्यभर शाळा गांठली, त्याला या सुखाचें मोल निराळें सांगावयास नको.

परंतु वाचकहो, स्थानकापर्यंत जावयाचें कसें? आमच्या घरापासून तें फार तर चारशें पावलें. गेल्या श्रावणांत आमचें कुटुंब मंगळागौरीची पत्री आणावयास निघालें. पदपथावर दुचाक्यांची रांग. म्हणून बिचारें रस्त्यांत उतरलें, मागून रिक्षा आली, तोल गेला आणि मनगटाचें हाड मोडलें. हात दीड महिन्यांत जुळला. धीर मात्र अजून जुळला नाहीं. आतां भाजी मोबाइलवरून घरपोंच येते. पण ज्या भाजीवाल्या बाईशीं तीस वर्षें घासाघीस केली, तिची खुशाली त्या यंत्रांतून येत नाहीं.

‘पदपथ’ हा षष्ठी तत्पुरुष समास आहे; पदांचा पथ तो पदपथ. त्याच्या विग्रहांत चाकांना कोठेंच स्थान नाहीं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत पादचाऱ्यांसाठीं निदान १.८ मीटर मोकळी वाट सांगितली आहे आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी असेंही म्हटलें आहे. सर्वोच्च न्यायालयानें तर मे २०२५ मध्यें निर्वेध पदपथाचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

एवढा आधार हातीं असतांना स्वस्थ कोण बसेल? मीं टेप घेऊन मोजमाप केलें. आमच्या दारापुढील पदपथ रुंदीनें पुरेसा होता. त्यावर अकरा गाड्या उभ्या होत्या. तक्रारअर्जासाठीं एकेकीचा क्रमांक टिपूं लागलों, तों तिसरा ओळखीचा वाटला. ती आमच्या नातवाची गाडी! तिला लागून सूनबाईंची.

अर्ज तसाच राहिला. रात्रीं पानावर विषय काढला, तेव्हां नातू म्हणाला, “आजोबा, सगळेच लावतात. मी एकट्यानें काढून काय होणार?” हें उत्तर पस्तीस वर्षें वर्गांत ऐकलेलें, त्याचें मला कांहीं वाटलें नाहीं. सूनबाईंचा प्रश्न मात्र खरा होता. “मामंजी, एका फेरींत मुलीची शाळा, कचेरी आणि तुमचीं औषधें साधावयाचीं. गाडीवांचून कसें जमावें? आणि आंत लावूं म्हटलें तर जिन्याखालीं जागा कोठें आहे?”

जिन्याखालची जागा कोणी अडविली आहे, हें सांगण्याचें तिनें सौजन्यानें टाळलें. तेथें माझी लूना पंधरा वर्षें उभी आहे. तिच्यावर मोडका पाट, परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिका आणि एक फुटकें घंगाळ. लूना चालत नाहीं, पण पहिल्या पगारवाढीची म्हणून टाकवत नव्हती. दुसऱ्याच रविवारीं भंगारवाल्यास बोलावलें. भाव ऐकून वाईट वाटलें, एवढेंच येथें नमूद करतों. घरच्या दोन्ही गाड्या आंत गेल्या.

सोमवारीं सकाळीं पाहतों तों मोकळ्या जागेंत कोणा परक्याची गाडी! तेव्हांपासून आठ ते नऊ मी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसतों. गाडी लावणारा मला पाहून पुढें जातो. पुढें म्हणजे शेजाऱ्यांच्या दाराशीं. कालपासून शेजारीही वर्तमानपत्र घेऊन बसूं लागले आहेत.

परवां कुटुंब माझ्याबरोबर वळणापर्यंत आलें. तेथून मंडई अजून तीनशें पावलें राहिली आहे.