नॅनोट्यूब कशी वाढली, हे डॉक्टरने का विचारावे?

कापूर पेटवला की आरतीच्या तबकावर काजळी धरते. याच कापरापासून कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे केसापेक्षा हजारो पटींनी बारीक अशा पोकळ नळ्या, तयार करण्याचे काम मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांच्या गटाने केले. जपानच्या सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये या नळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले होते. आज त्या लिथियम बॅटरीत वीज नीट वाहावी म्हणून मिसळल्या जातात. इलेक्ट्रिक गाड्या बेलापूर-श्रीरामपूर रस्त्यावरही दिसू लागल्या, तसा 'ही पूड आरोग्याला घातक का?' हा प्रश्न आपल्याही दारात आला आहे. माझे उत्तर असे, की आधी कोणती पूड ते सांगा.

कारण भट्टी बदलली की नळी बदलते. कापूर, ॲसिटिलीन किंवा अल्कोहोलची वाफ तापलेल्या भट्टीत सोडतात. तिथे लोखंड, कोबाल्ट किंवा निकेलचे अतिसूक्ष्म कण असतात. वाफ त्यांच्यावर फुटते आणि कार्बन नळीच्या रूपात वाढू लागतो. कण लहान तर नळी बारीक; कण एकमेकांना चिकटले तर नळी जाड. साधारण ६०० ते ९०० अंश सेल्सिअसला अनेक थरांच्या नळ्या मिळतात, एकाच थराच्या नळीला बहुधा त्याहून जास्त उष्णता लागते. वाफ जास्त झाली तर कणावर कार्बनचा लेप बसतो आणि वाढ खुंटते. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी भट्टीत पाण्याची किंचित वाफ सोडली. त्यामुळे कण टिकले आणि दहा मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचे नळ्यांचे रान उभे राहिले. टोकियोच्या मारुयामा गटाने त्याआधी, २००२ मध्ये, इथेनॉलपासून स्वच्छ एकथरी नळ्या मिळवल्या होत्या. मळीपासून इथेनॉल काढणाऱ्या आपल्या पट्ट्यात हे वाचून कुणाचे डोळे चमकतील. चमकू द्यात, पण पुढचेही वाचावे.

लांबी वाढली की अभियंता खूश होतो. मला मात्र फुफ्फुसातल्या भक्षक पेशी आठवतात. त्यांचा आकार दहा-वीस मायक्रॉनचा. त्याहून लांब आणि ताठ तंतू त्यांना गिळता येत नाही, त्या अर्धवट गिळून धडपडत राहतात आणि सूज टिकून राहते. ॲस्बेस्टॉसचे दुखणे असेच सुरू होते. २००८ मध्ये उंदरांच्या पोटाच्या पोकळीत लांब, ताठ नळ्या सोडल्या तेव्हा तशीच सूज व गाठी आल्या. आखूड किंवा गुंतवळ झालेल्या नळ्यांनी ते केले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये 'एमडब्ल्यूसीएनटी-७' या एकाच प्रकाराला 'माणसात कर्करोगाची शक्यता' या गटात घातले. बाकीच्या प्रकारांबद्दल पुरावा अपुरा ठरला. अपुरा पुरावा म्हणजे निर्धोक असल्याचा दाखला नव्हे. शिवाय नळी नीट धुतली नसेल तर भट्टीतले लोखंड किंवा निकेल तिच्यासोबत फुफ्फुसात जाते, ते वेगळेच.

गाडी चालवणाऱ्याने घाबरू नये, बॅटरीतली पूड बंदिस्त असते. धोका आहे तो भट्टी उघडणाऱ्याला, पूड चाळणाऱ्याला आणि गोण्या भरणाऱ्याला. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी सुचवलेली मर्यादा हवेच्या घनमीटरला एक मायक्रोग्रॅम आहे. एवढी धूळ डोळ्याला दिसत नाही आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने अडत नाही. सुरुवातीला छातीचा एक्स-रेही स्वच्छच येऊ शकतो.

दमा-खोकल्याचा रुग्ण आला की केसपेपरवर व्यवसाय म्हणून 'कंपनीत कामाला' एवढेच लिहिले जाते. मीही वर्षानुवर्षे तेवढेच लिहीत आलो. आता विचारतो: पूड सुकी हाताळता की ओली? भट्टी कोण उघडतो, धूळ ओढणारा पंखा आहे का? आणि जमल्यास गोणीसोबत आलेल्या माहितीपत्रकाचा फोटो मोबाइलवर काढून आणायला सांगतो. त्यावर नळीची लांबी, जाडी आणि उरलेल्या धातूचे प्रमाण छापलेले असेल, तर माझे निम्मे काम होते.